घराण्याचा रकाना

लातूरला रेल्वेनं पाणी येऊ लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. रविवारी सकाळी रामकिशन नांदेडहून लातूरच्या एसटीत बसला तेव्हा त्याच्या मांडीवरच्या पिशवीत नव्या पुस्तिकेच्या बारा प्रती होत्या. शाईचा वास अजून गेला नव्हता. गडी इतका खूश होता की त्यानं कंडक्टरलाही एक प्रत काढून दाखवली. कंडक्टरनं ती उलटीपालटी केली, "खेळाचं पुस्तक व्हय?" म्हणून विचारलं आणि तिकीट फाडून पुढं गेला. रामकिशनला त्याचंही वाईट वाटलं नाही. त्या सकाळी त्याला कशाचंच वाईट वाटत नव्हतं, हीच तर खरी बोंब होती.

रामकिशन मूळचा नायगावकडचा. घरी शेती, भाऊ ती बघायचा. हा नांदेडात छापखाना चालवायचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुका आल्या की पत्रकं. पण त्याचा जीव होता तो 'वेस' नावाच्या खेळात. हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी सुतार, कुणी सुईण, कुणी फौजेतून पळून आलेला शिपाई. जो तो आपल्या माणसाच्या तोंडून बोलतो, काय करायचं ते ठरवतो, आणि अडलं की फासे टाकतो. नियम आणि फासे पुण्याच्या एका कंपनीचे. त्या नियमांवर खेळायच्या गोष्टी मात्र लहानसहान प्रकाशक छापायचे. त्यांना 'डाव' म्हणायचे. बत्तीस पानं, मधे दोन पिना, की झाला डाव. लातूरच्या क्लासला आलेली पोरं, नांदेडच्या वसतिगृहातली पोरं, चार हौशी मास्तर, असा सगळा गोतावळा होता.

मराठवाड्यात असे डाव छापणारे उणेपुरे आठ जण. त्यांच्यापुढं त्या उन्हाळ्यात संकट उभं राहिलं, कारण पुण्याच्या कंपनीनं खेळाची दुसरी आवृत्ती काढली. पहिल्या आवृत्तीत दर माणसाला दोनच गोष्टी असायच्या: एक कसब आणि एक भीती. दुसऱ्या आवृत्तीत तिसरी आली, घराणं. राजघराणं, मानकरी, व्यापारी, शेतकरी, कारागीर आणि वेसकर, अशी सहा. कंपनीनं सगळ्यांना पत्र पाठवलं होतं. जुनी आवृत्ती दिवाळीनंतर मिळणार नाही. ज्यांना नव्या आवृत्तीसाठी डाव काढायचे असतील त्यांनी डावातल्या हरेक माणसापुढं घराण्याचा रकाना भरावा. पहिले सहा डाव कंपनी स्वतःच्या यादीत छापील. मग काय, आठ जणांत दोन तट पडले. नव्या आवृत्तीची कास धरावी की जुन्यावरच राहून हळूहळू संपावं, हे ठरवायला रविवारी लातूरला बैठक होती.

रामकिशन नव्याच्या बाजूचा. तो तर एक पाऊल पुढं गेला होता. कुणी काही ठरवायच्या आधीच त्यानं आपला सगळ्यात गाजलेला डाव नव्या नियमांत बसवून छापूनही टाकला होता. तो डाव महानंदाचा.

महानंदा मुखेड डेपोची एसटी कंडक्टर. दिवसभर शंभर माणसांचं बोलणं कानावर, त्यामुळं सूत्रधार म्हणून बसली की तिच्या तोंडून अख्खं गाव बोलायचं. म्हातारा वेगळा, तलाठी वेगळा, तंबाखू थुंकून बोलणारा वेगळा. तिच्या डावाचं नाव 'कोरडा हौद'. एक गाव असतं. राजानं ते एका परगण्यातून काढून नव्या परगण्यात घातलेलं. दुष्काळ पडतो, आणि जुना परगणा म्हणतो यांना पाणी नव्यानं द्यावं, नवा म्हणतो अजून कागद आला नाही. लोक तडफडायला लागतात. मग गावातली नागुबाई नावाची म्हातारी जमिनीला कान लावून बुजलेली विहीर शोधते आणि पहिला पोहरा स्वतः ओढते. त्या पहिल्या पोहऱ्यापाशी खेळणारी पोरं उठून उभी राहायची. लातूरच्या एका पोरानं तर रडून घेतलं होतं.

नागुबाई ही महानंदाची सख्खी आज्जी. रामकिशनला ते माहीत होतं, कारण मुखेडला महानंदाच्या घरी त्यानं भिंतीवरचा फोटो पाहिला होता. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी नाकात मोठी नथ घातलेली म्हातारी. त्या घरात तो जेवलाही होता, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. महानंदा "जय भीम, भाऊ" म्हणाली की हा "जय भीम, ताई" म्हणायचा. आणि हे सगळं तो नांदेडात चारचौघांना सांगायचाही. आता जेवायला बसलं तर बसलं, त्यात सांगण्यासारखं काय? पण सांगायचा. आपण कसे मोकळ्या मनाचे, हे त्याला स्वतःच्या तोंडून ऐकायला आवडायचं.

नव्या आवृत्तीचं ठरवल्यावर त्यानं महानंदाला फोन केला होता. "ताई, नव्या नियमाचे किरकोळ बदल हायत. मी बघून घिऊ का?"

"घ्या की भाऊ. मला डबल ड्युटी लागून राहिली. तुमच्यावर सोडलं."

तुमच्यावर सोडलं! असं कुणी म्हटलं की माणसानं खरं तर दहादा विचार करावा. यानं एकदाही केला नाही. दोन लग्नपत्रिकांच्या मधल्या वेळात टेबलाशी बसला, डावातली सतरा माणसं पुढं घेतली आणि भरभर रकाने भरत सुटला. गावचा शेषेराव: मानकरी. दुकानदार: व्यापारी. सुतार: कारागीर. नागुबाई: वेसकर. पुढचा. मधे चहा आला, तो प्याला. पाऊण तासात सतरा माणसं संपली, आणि एकाही नावापाशी त्याचा पेन अडखळला नाही.

वेसकर म्हणजे गावाच्या वेशीवर राखण करणारा. गावात ते काम कुणाच्या माथी मारलेलं असायचं, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

लातूरला एका क्लासचा हॉल रविवारपुरता मिळाला होता. दारातच पाटी लावलेली: आपापलं पाणी आणावं. जो तो बाटली घेऊन आलेला. उदगीरचा ईश्वरप्पा मात्र वीस लिटरचा कॅन रिक्षातून उतरवत होता. साठीचा माणूस, वह्यापुस्तकांचं दुकान, आणि खिशाला 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असा बिल्ला.

"येनप्पा रामकिशन!" तो लांबूनच ओरडला. "लातूरकराला उदगीरकर पाणी पाजून राहिला, बग. आता तरी आमचा जिल्हा करा म्हणावं!"

"तुमचा जिल्हा झाला की पैलं पुस्तक मी छापतो," रामकिशन म्हणाला.

"कोणत्या आवृत्तीत छापशील?" ईश्वरप्पानं टोला हाणला. तो पक्का जुन्याच्या बाजूचा होता. "अय्यो, पुण्यात कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला की इथं आम्ही समदी पुस्तकं उसवून परत शिवायची, ह्याला काय अर्थ हाय?"

धर्माबादचा ग्यानोबा मिरचीचा व्यापार करता करता डाव छापायचा. तो म्हणाला, "काका, नवं आलं की पोरं नवंच मागतेत. जुनं घिऊन बसलो तर आपलं दुकान बंद. आपल्याला न्हाई परवडत रुसून."

तेवढ्यात महानंदा आली. ड्युटीच्या कपड्यांतच होती. दुपारी साडेतीनची मुखेड गाडी तिला घेऊन जायची होती. रामकिशननं तिच्या हातात प्रत दिली. मुखपृष्ठावर तिचं नाव मोठं, ठसठशीत. ती हसली. नावावरून बोट फिरवलं.

"लई झ्याक झालं भाऊ," ती म्हणाली. "आईला दाखवते. आज्जीचं नाव छापून आलं म्हणल्यावर गल्लीभर नाचवंल ती."

रामकिशनची छाती फुगली. खोटं कशाला सांगा, फुगलीच.

ईश्वरप्पाच म्हणाला की भांडण करण्यापेक्षा नव्या नियमानं एक डाव प्रत्यक्ष खेळून बघू, मग हात वर करू. सूत्रधार अर्थात महानंदा. नागुबाईचं पान ईश्वरप्पाच्या मुलीकडं, सिंधुकडं गेलं. सिंधु औषधांच्या दुकानात काम करायची, बोलायला फटकळ. शेषेरावाचं पान ग्यानोबाकडं, सुताराचं ईश्वरप्पाकडं. बाकीचे खुर्च्या ओढून भोवती बसले. रामकिशन महानंदाच्या मागं उभा राहिला, कौतुक ऐकायला जवळ जागा बरी म्हणून.

डाव रंगला. महानंदानं दोन परगण्यांचे दोन अंमलदार असे काही उभे केले की ईश्वरप्पाला हसून ठसका लागला. "कागद आल्याबिगर पाणी न्हाई," ती नव्या परगण्याच्या आवाजात म्हणाली. "पाणी दिल्याचा कागद दाखवा, मंग बघू," जुन्या परगण्याच्या आवाजात. बाहेर रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला आणि सगळ्यांनी सवयीनं माना वळवल्या. मग सिंधुनं खरोखरच टेबलाला कान लावला, डोळे मिटले, आणि फासे टाकले. विहीर सापडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी पोहरा सोडते," सिंधु म्हणाली. "पैला पोहरा माझा."

"थांब थांब," ग्यानोबा म्हणाला. त्याच्या हातात नव्या आवृत्तीचं नियमांचं पुस्तक होतं आणि नवा नियम पहिल्यांदा वापरायची हौस तोंडावर मावत नव्हती. "तुझं घराणं काय हाय? वेसकर. बग, पान अठरा. वेसकराला पाणवठा, देऊळ आन् वाडा, तिन्ही ठिकाणी सहा पडल्याशिवाय पाऊल न्हाई. टाक फासा."

सिंधुनं टाकला. तीन. पुन्हा टाकला. एक. तिसऱ्यांदा चार. नियम असा की तीनदा हुकलं तर त्या माणसानं तिथंच उभं राहायचं.

"मंग मी करू काय?" सिंधु वैतागली. "विहीर मी शोधली की!"

कुणीतरी हसलं. खेळच होता तो, हसायला काय हरकत? ग्यानोबाला मात्र खरंच वाईट वाटलं. तो मनानं चांगला माणूस. "आगं रडू नगंस," तो शेषेरावाच्या आवाजात म्हणाला, "मी हाय ना. मी वढतो पोहरा आन् वरून वततो. तू खाली वंजळ धर."

आणि सिंधुनं टेबलावर दोन्ही हात पुढं करून ओंजळ धरली. ग्यानोबानं हात उंच करून ओतल्यासारखं केलं.

दोघांच्याही मनात काही वाकडं नव्हतं. पण हात तसेच राहिले. सिंधुलाच पहिल्यांदा उमजलं. तिनं हात एकदम मागं घेतले आणि साडीला पुसले, जणू खरंच ओले झाले होते.

महानंदा हलली नाही. तिनं पुस्तिकेचं मागचं पान उघडलं, सतरा नावांच्या तक्त्यावरून बोट खाली खाली नेलं. नागुबाईपाशी थांबलं. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. रामकिशन तिच्या मागंच उभा होता, त्याला ते वरून दिसत होतं. आणि तेव्हा, सगळं छापून झाल्यावर, बारा प्रती वाटून झाल्यावर, त्या बैलाच्या डोक्यात उजेड पडला. पायाखालची फरशी जाईल तर बरं, असं त्याला वाटलं.

महानंदानं मान वळवून विचारलं, "भाऊ, ह्ये कुणी भरलं?"

एवढंच विचारलं. रागानं नाही, साधं. आणि रामकिशनच्या तोंडून निघून गेलं, "कंपनीनं. म्हंजे... पुण्याहूनच तसं भरून आलं."

झालं! एक केलं ते कमी होतं म्हणून वर हे. पण शब्द बाहेर पडून गेले होते.

महानंदानं मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा थोडा निवळला, आणि ते बघवेना. "मला वाटलंच," ती म्हणाली. मग सगळ्यांकडं वळून, "रामकिशनभाऊ असलं करायचे न्हाईत. आमच्या घरी जेवलेला माणूस हाय त्यो. आमच्या आईनं दुसरी भाकरी वाढली तं न्हाई म्हणला न्हाई. त्यायनी हे बगितलं बी नसंल, घाईत छापलं असंल."

रामकिशननं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, त्यालाही कळलं नाही. आजपर्यंत ज्या जेवणाची गोष्ट त्यानं गावभर सांगितली, ती पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली, आणि ऐकवेना.

ईश्वरप्पा तर भडकलाच. "बगा! मी काय म्हणत होतो? नवी आवृत्ती, नवी आवृत्ती! ह्येच का नवं? आपल्या लेखिकेला न विचारता तिच्या आज्जीला विहिरीवरून हाकलतेत?" त्यानं टेबलावर हात आपटला. "पत्र लिव्हायचं. आत्ता. आठही जणांच्या सह्या. रामकिशन, बस. तुझं अक्षर छापल्यासारखं हाय. मी सांगतो, तू लिव्ह."

"मी कशाला, ग्यानोबाला..." रामकिशन पुटपुटला.

"तुझंच पुस्तक हाय. तुझी सही पैली."

सिंधुनं वहीतला कागद फाडून पुढं केला. महानंदानं आपल्या खिशातला पेन काढून दिला. रामकिशन बसला. आता उठून जावं असं दहा वेळा मनात आलं. पण उठणाऱ्याला कारण सांगावं लागतं. कंपनी उत्तर देईल, आम्ही एकही रकाना भरलेला नाही म्हणून, हेही कळत होतं. पण खरं सांगतो, त्याला पकडलं जाण्याचं भ्या तेवढं वाटत नव्हतं. मागं उभी असलेली महानंदा पेनाकडं विश्वासानं बघत होती, ते सोसवत नव्हतं.

ईश्वरप्पा फेऱ्या मारत सांगू लागला. "महोदय. आम्ही मराठवाड्यातले लहान प्रकाशक. लिव्हलं? आपल्या दुसऱ्या आवृत्तीचा आम्ही निषेध करतो. घराणं नावाचा रकाना घालून आपण काय साधलं? खेळात माणूस आपल्या कसबानं वळखला जायचा. लिव्ह. नागुबाई या व्यक्तीची जात मूळ डावात कुठंही नमूद न्हाई. तरी तिला वेसकर ठरवून, जी विहीर तिनं स्वतः शोधली तिच्यापासून तिला दूर उभं केलं. हे करणारा हात कुणाचा, याचा जाब आम्ही मागत आहोत."

रामकिशन लिहीत होता. अक्षर खरंच सुंदर होतं त्याचं. 'हे करणारा हात कुणाचा' इथवर आला आणि पेन थांबला. ईश्वरप्पा पुढचं वाक्य बोलून गेला, परत फिरला, "लिव्ह की" म्हणाला. रामकिशनच्या कपाळावरून घाम कागदावर पडला आणि 'महोदय' पसरलं.

"माझा," तो म्हणाला.

"काय तुझा?"

"हात माझा. रकाने मी भरले. कंपनीनं कोरे धाडले होते." आवाज इतका बारीक निघाला की ग्यानोबानं "आँ?" केलं, आणि त्याला पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त वाईट होतं. "सतराच्या सतरा मीच भरले. मगाशी खोटं बोललो."

ईश्वरप्पा खाली बसला. रामकिशनला वाटत होतं महानंदानं ओरडावं, दोन शिव्या हासडाव्यात, पुस्तक तोंडावर फेकावं. तसं झालं असतं तर त्याला हात जोडता आले असते. ती समोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, आज्जी कोणाची हाय, कोण्या घरची हाय, हे मी डावात कुठं लिव्हलं होतं?"

"कुठंच न्हाई."

"तिचं कसब काय लिव्हलं होतं?"

"जमिनीला कान लावून पाणी ऐकते."

"आन् भीती?"

"विहिरीत वाकून बगायची."

"मंग वेसकर कुठून आणलं?"

त्याच्यापाशी उत्तर होतं. तेच लाजिरवाणं होतं. त्याला ते शोधावंही लागलं नव्हतं. "मला..." तो म्हणाला, "ताई, मला वाटलं जुन्या काळाचं हाय, तर जसं असायचं तसं... तुमच्या आज्जीचं म्हणून... म्हंजे मुद्दाम न्हाई केलं. इचारच न्हाई केला."

"त्येच इचारलं," महानंदा म्हणाली. "शेषेराव मानकरी, हे बी इचार न करता लिव्हलं?"

रामकिशनच्या आजोबांचं नाव शेषेराव. डावातल्या गावच्या त्या मोठ्या शेतकऱ्याला नाव नव्हतं. 'विहिरीच्या शेताचा मालक' एवढंच महानंदानं लिहिलं होतं. नाव रामकिशननंच सुचवलं होतं, तिनं हसून ठेवलं होतं. मानकरीपण त्यानं नंतर दिलं. त्याचा पेन तिथंही अडखळला नव्हता. तो खाली बघत राहिला. चपलेतून बाहेर आलेला अंगठा त्याला दिसत होता, आणि त्या अंगठ्याचीही लाज वाटली.

ग्यानोबानं मध्ये पडून बघितलं. "ताई, चुकलंय त्येंचं. पण कबूल केलं ना मानसानं. आपण आता ठरवू, नवी आवृत्ती न्हाई म्हंजे न्हाई. ह्या रकान्यानंच घोळ केला समदा."

"माझं मत इचारता?" महानंदा म्हणाली. तिनं घड्याळ बघितलं, बॅग खांद्याला अडकवली. "नवी घ्या, न्हाईतर जुनीवर ऱ्हा. मला त्याचं आता काई न्हाई. पुण्याच्या लोकांनी रकाना आत्ता घातला, दोन महिने झाले. भाऊ आमच्या घरी जेवाय आले त्याला तीन वर्सं झाली. जुन्या पुस्तकात रकाना नव्हता, तवा बी भाऊंनी आज्जीपुढं त्यो भरूनच ठिवला होता. निस्ता छापला न्हवता."

रामकिशन उठला. "ताई, मी बाराच्या बारा परती जाळतो. उद्या नवा छापतो. जुन्याच नियमानं. तुमी म्हणाल तसा."

"नगं," ती म्हणाली. "माझं नाव काढा. आन् आज्जीचं बी. तुमच्याकडं नगं ती."

मग तिनं आपल्या हातातली प्रत टेबलावर ठेवली. फेकली नाही, नीट ठेवली, मुखपृष्ठ खाली करून. सिंधु तिच्यासोबत दारापर्यंत गेली. दारात महानंदा थांबली, कारण ईश्वरप्पाला आता काही सुचत नव्हतं आणि न सुचणारी माणसं करतात तेच त्यानं केलं: बैठक पुढं चालू केली.

"ज्यांना नवी आवृत्ती नको, त्यांनी हात वर करा," तो घसा खाकरून म्हणाला.

ग्यानोबानं हात वर केला, जो सकाळी दुकान बंद पडेल म्हणत होता. कळंबच्या दोघा भावांनी केला. एकेक करून सगळ्यांनी केला. आणि रामकिशननंही केला. काय विचार करून केला, ते त्याला आजही सांगता येत नाही. सगळ्यांचे वर होते म्हणून केला असेल. निदान या एका गोष्टीत आपण बरोबर बाजूला दिसावं, असंही वाटलं असेल. हात चांगला उंच गेला होता, बाकीच्यांच्यापेक्षा वीतभर वर.

दारातून महानंदानं वळून पाहिलं. तिची नजर बाकीच्या हातांवर गेली नाही. ती थेट त्याच्या हातावर आली, तिथं क्षणभर थांबली, आणि मग ती जिना उतरून गेली.

ईश्वरप्पा बोट करून हात मोजत होता. रामकिशनपाशी आला आणि त्याला सोडून पुढच्यावर गेला. "सात," तो म्हणाला. "सात जण नको म्हणतेत."

आठवा हात तसाच वर होता. रामकिशनला तो खाली घ्यायचा होता, पण खाली घेतला तर सगळे बघतील असं वाटलं, आणि वर ठेवला तरी सगळे बघतच होते.